फोटोत हयात माणसंच असावीत

दर एप्रिलमध्ये कोडगूतली, म्हणजे कूर्गमधली, घराणी एकमेकांशी हॉकी खेळतात. एका घराण्याचा एक संघ. बाहेरचा गडी चालत नाही, भाड्याचा चालत नाही, आणि कितीही चांगला धावत असला तरी जावई चालत नाही. बक्षिसं वाटून झाली की स्पर्धा संपते आणि उरलेले अकरा महिने तीच घराणी त्याच हॉकीवर भांडत बसतात. हे भांडण पूर्वी लग्नांत, मयताच्या जेवणांत आणि कॉफीच्या वखारींत सुटं सुटं चालायचं. सहा वर्षांपूर्वी बोजम्मानं 'बारावा गडी' नावाचा फोरम काढला आणि सगळ्यांची एकाच जागी सोय केली.

बोजम्मा तेव्हा बावीसची होती. आता अठ्ठावीसची होती आणि पोटासाठी एका मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रारींना घरबसल्या उत्तरं लिहीत होती. फोरमवर चार हजारांवर माणसं जमली होती. त्यातली दोनेकशे हॉकी बघणारी होती. बाकीची बोलायला यायची.

प्रत्येकाच्या लिखाणाशेजारी त्याचा फोटो दिसायचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. बोट टेकवलं की मोठा व्हायचा. कोणी काय फोटो लावावा याचा नियम नव्हता. एकानं कढईतलं डुकराचं मटण लावलं होतं. एकानं बंदूक. एका बँक मॅनेजरनं प्रतिस्पर्धी घराण्याचा गोलकीपर लावला होता, चिखलात पालथा पडलेला, आणि त्या गोलकीपरची आत्या दर सोमवारी बँकेत जाऊन त्याला विचारायची की काढला का. बोजम्माला यात काही वावगं वाटत नव्हतं. ज्याला जे तोंड दाखवायचं ते त्यानं दाखवावं, असं तिचं मत होतं.

मग पंच माचय्याचं प्रकरण झालं.

माचय्यानं उपउपांत्य सामन्यात एक पेनल्टी कॉर्नर नाकारला. तेलुवंडा घराण्याच्या दिलननं फोरमवर लिहिलं की पंचाची शिट्टी ठणठणीत आहे, डोळेच तेवढे दुरुस्तीला टाकावेत. माचय्या चिडला आणि त्यानं खाली उत्तर दिलं, हे असलं थोबाड घेऊन तू चारचौघांत फिरतोस कसा. एवढंच. फोरमवरच्या रिवाजाप्रमाणे हे सौम्यच होतं. पण दिलननं स्वतःचा फोटो लावलेला नव्हता. त्यानं पणजोबांचा लावला होता, फेटा आणि मिशांसकट. आणि पणजोबा म्हणजे नुसते पणजोबा नव्हते. घराण्याच्या पूर्वजांच्या ठाण्यावर दरवर्षी त्यांना मटण आणि दारूचा नैवेद्य दाखवला जायचा.

माचय्या पूर्वजाच्या थोबाडाबद्दल बोलला होता.

तेलुवंडांचे चार वडीलधारे त्याच्या घरी येऊन कॉफी पिऊन गेले. काही बोलले नाहीत. आठवड्यानं माचय्याची दाढ सुजली आणि तो आपणहून गेला, दोन कोंबडे आणि ब्रँडीची बाटली घेऊन. ठाण्यापुढे उभं राहून, हात जोडून, त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं की पणजोबा, आपलं थोबाड उत्तम आहे. कोणीतरी त्याचं चित्रण केलं आणि फोरमच्या इतिहासात सर्वांत जास्त पाहिली गेलेली गोष्ट तीच ठरली, अंतिम सामन्यापेक्षाही.

इथवर ठीक होतं. पण महिन्याभरात दीडशे लोकांनी आपापले आजे-पणजे लावले. आता कोणी कोणाला बोलू शकेना. पेनल्टी होती की नव्हती या मुद्द्यावर लोक 'आपल्या पूज्य पूर्वजांना वंदन करून नम्रपणे सुचवतो' अशी सुरुवात करू लागले. कोणी बारा वर्षांचा पोरगाही आजोबांच्या फोटोआडून लिहायचा आणि साठीतली माणसं त्याला हो म्हणायची. रोज हजार निरोप यायचे तिथे चाळीस येऊ लागले, आणि ते चाळीसही एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करणारे. बोजम्मानं उभ्या आयुष्यात उभी केलेली एकुलती एक गोष्ट सभ्यपणानं मरायला टेकली.

म्हणून नियम करायचे ठरलं.

फोरमचे कारभारी तिघं होते. बोजम्मा, सुभेदार कुट्टप्पा, सैन्यातून निवृत्त, ज्यांना नियम करायला मिळणार म्हणून त्या दिवशी दाढी दोनदा करावीशी वाटली, आणि एक गुरांचे डॉक्टर, जे प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचे आणि म्हणूनच त्यांना घेतलेलं होतं. सुभेदारांच्या व्हरांड्यात बैठक झाली. बंदुकीवर तास गेला. बंदूक बंद म्हटली तर निम्म्या कोडगूचे लग्नाचे फोटो बाद होत होते. शेवटी नळी आभाळाकडे असल्यास चालेल असं ठरलं. मटण शिजलेलं असल्यास चालेल. दुसऱ्या घराण्याचा माणूस पडलेल्या अवस्थेत चालणार नाही. उभा असल्यास त्याची परवानगी लागेल. डॉक्टरांनी कुत्र्यांचं काय म्हणून विचारलं.

सहावा नियम बोजम्माचा होता. तो तिनं चहाच्या दोन घोटांमध्ये लिहिला: फोटोत हयात माणसंच असावीत.

सुभेदारांनी तो वाचला आणि खाली दोन रेघा मारल्या. म्हणाले, सैन्यात पंचवीस वर्षं काढली पण इतका आटोपशीर हुकूम पाहिला नाही. बोजम्मा खूष झाली. महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. मुदतीनंतर नियमाबाहेरचा फोटो काढून तिथे राखाडी हेल्मेटचं चित्र येणार होतं.

तिसऱ्या दिवशी कुंजेमाडा अच्चय्यांचं पत्र आलं.

अच्चय्या ताता, म्हणजे आजोबा, फोरमवर पाच वर्षं होते. सत्त्याहत्तरीचे. दर रविवारी, सामना असो नसो, ते एक परिच्छेद लिहायचे आणि शेवटी सही करायचे: कुंजेमाडा अच्चय्या, उजवा बचाव. त्यांच्या लिहिण्याला सहसा कोणी उत्तर देत नसे. त्यांचा फोटो आजे-पणजे लावायची साथ येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा होता. कुंजेमाडांचा संघ, ज्या वर्षी ते उपउपांत्य फेरीपर्यंत गेले त्या वर्षीचा. घराण्यातली तरुण पोरं तेव्हा पलटणीत किंवा परदेशात होती, म्हणून उरलेल्यांनीच काठ्या उचलल्या होत्या. संघाचं सरासरी वय एकावन्न होतं आणि गोलकीपरला चष्मा होता. अकरा माणसं, पाच बसलेली, सहा उभी, एकमेकांच्या खांद्यांवर हात.

पत्र असं होतं:

'माननीय कारभारी मंडळास नमस्कार. नियम सहा वाचला. नियम योग्य आहे. माझ्या फोटोत अकरा जण असून त्यांपैकी नऊ वारले आहेत. मी हयात आहे. अकरावा चंगप्पा कॅनडात असतो, त्याला हयात धरावं का, हे कळवावं. तसंच नऊ जणांसाठी काही सवलत असल्यास अर्ज कोणाकडे करावा? आपला, कुंजेमाडा अच्चय्या, उजवा बचाव.'

बोजम्मा इतकी हसली की ते तिनं स्वयंपाकघरात जाऊन आईला वाचून दाखवलं. कॅनडात असतो त्याला हयात धरावं का. आई भाकरी थापत होती, ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कुंजेमाडांचे अच्चय्या म्हणजे ज्यांचं घर दरडीत गेलं तेच ना?"

तेच होते. दरडीच्या वर्षी त्या डोंगराची एक बाजू खाली आली होती आणि तिच्यासोबत सात घरं. बोजम्माला हे माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं तेवढंच.

तिनं पत्र सुभेदारांकडे पाठवलं. सुभेदारांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, एकाला सोडलं की तेलुवंडांचे पणजोबा पुन्हा दारात. नऊ मेलेले आज सोडले तर उद्या दिलन म्हणेल माझा तर एकच आहे. यात तथ्य होतं. डॉक्टरही हो म्हणाले. बोजम्माला वाटलं, म्हाताऱ्यांना स्वतःचा एखादा फोटो लावता येईल, त्यात काय मोठंसं. ती त्या वेळी कंपनीच्या कामावर होती, एकाच्या मिक्सरमधून धूर येत होता. त्याला जे लिहिलं त्याच सुरात, त्याच हातासरशी तिनं अच्चय्यांनाही लिहून टाकलं: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कॅनडातील व्यक्ती हयात असल्याची खात्री करून घ्यावी. कृपया नियमात बसेल असा फोटो लावावा, किंवा असलेल्या फोटोतच आवश्यक ते बदल करावेत.

आवश्यक ते बदल. हे शब्द तिला नंतर पाठ झाले.

महिना संपला. आजे-पणजे गेले आणि फोरम ताबडतोब सुधारला. पहिल्याच दिवशी दिलनला सोळा जणांनी तुंबलेल्या शिव्या दिल्या. माचय्यानं सतरावी दिली आणि त्याची दाढ सुजली नाही. बँक मॅनेजरनं गोलकीपरला उभा करून परवानगी मागितली, ती मिळाली नाही, त्यावर दोन दिवस गेले. निरोप पुन्हा हजारावर पोचले. सुभेदार रोज सकाळी आकडा कळवायचे, हजेरीपटासारखा. बोजम्माला इतकं हलकं बरेच दिवसांत वाटलं नव्हतं.

रविवारी अच्चय्यांचा परिच्छेद आला. शेजारचा फोटो बदललेला होता.

आपण काय पाहतोय ते आधी तिला कळलं नाही. हिरवं मैदान, मागे गोलची जाळी, वर आभाळ. मग तिनं फोटो मोठा केला. डाव्या टोकाला, अगदी कडेला, अच्चय्या उभे होते, पन्नाशीतले, घामेजलेले, हसत. उजव्या टोकाला एक सडपातळ माणूस गुडघा टेकून बसला होता. तो चंगप्पा असणार, खात्री झालेला. दोघांच्या मधे काही नव्हतं. गवत होतं. ज्यानं कोणी हे काम केलं होतं त्यानं मन लावून केलं होतं, नऊ माणसांच्या जागी नऊ माणसांएवढं गवत आणि जाळी नीट भरली होती, सावल्यासुद्धा काढल्या होत्या. फक्त अच्चय्यांचा डावा हात राहिला होता. तो खांद्याच्या उंचीवर हवेत उचललेला होता आणि पंजा जरा वळलेला होता, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवतात तसा.

फोटो नियमात बसत होता.

फोरमवर आधी हशा पिकला. एका पोरानं लिहिलं, ताता, एवढा लांबचा पास कोणाला देणार? त्याखाली तीसेक जणांनी हसणारे चेहरे चिकटवले. पाच वर्षांत अच्चय्यांच्या लिहिण्याला इतकी उत्तरं कधी आली नव्हती. तासाभरानं अच्चय्यांनी त्या पोराला उत्तर दिलं. त्यांची पद्धत होती, प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं.

'पास मधल्या फळीला द्यायचा असतो. आमची मधली फळी नियम सहामध्ये गेली.'

पोरानं आपला प्रश्न काढून टाकला. हसणारे चेहरे एकेक करून गेले.

बोजम्मा स्कूटर काढून सुभेदारांकडे गेली. फोन करून सांगण्यासारखं नव्हतं. सुभेदार मिरी वाळवत होते. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून फोन लांब धरून पाहिलं. मग त्यांनी फोटोवर बोट ठेवून, मधल्या गवतावर, विचारलं की इथे पेम्मय्या होता ना, लेफ्ट आउट. आपण एकदा त्याला अडवायला गेलो होतो आणि पँट फाटली होती. बोजम्माला माहीत नव्हतं. ते बराच वेळ मिरी पसरत राहिले, पसरलेलीच पुन्हा पसरत.

"लिही," ते म्हणाले. "नियम सहा, दुरुस्ती. जे एकत्र खेळले ते हयात धरावेत."

"अंकल, तेलुवंडांचे पणजोबा?"

"ते कधी हॉकी खेळले?"

"नाही."

"मग झालं तर."

डॉक्टरांना कळवलं, ते हो म्हणाले. दहा मिनिटांत दुरुस्ती लागली. बोजम्मानं तिथेच व्हरांड्यात बसून अच्चय्यांना लिहिलं, या वेळी कंपनीच्या सुरात नाही. लिहिलं की चूक आमची झाली, नियम बदललाय, तुमचा पहिला फोटो लगेच पुन्हा लावा. उत्तर यायला संध्याकाळ झाली.

'दुरुस्ती वाचली. दुरुस्ती चांगली आहे. परंतु तो फोटो आता नाही. आपण मनाला लावून घेऊ नये.'

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे गेली. दरडीत घरं गेलेल्यांना सरकारनं बांधून दिलेली वसाहत होती, एकाच रंगाची घरं, ओळीनं. त्यांचं बाविसावं. दार उघडंच होतं. अच्चय्या खुर्चीत बसून रेडिओ दुरुस्त करत होते. रेडिओ चालू होता, तरी दुरुस्त करत होते. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिनं नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले, कारभारी मंडळ आलं म्हणून, आणि गुळाची कॉफी करायला आत गेले. तिला बसवेना, ती दारात उभी राहून त्यांच्याशी बोलली.

फोटोची एकच छापील प्रत होती, घराच्या भिंतीवर. घर गेलं तेव्हा भिंतही गेली. त्याआधी वर्षभर बंगळुरूच्या पुतण्यानं त्या फोटोचा मोबाइलनं फोटो काढून त्यांना फोरमवर खातं उघडून दिलं होतं. पुतण्याचा तो मोबाइल नंतर बसमध्ये चोरीला गेला. म्हणजे दरडीनंतर तो फोटो जगात एकाच जागी होता, बोजम्माच्या फोरमवर. अच्चय्यांना त्यात काही धोक्याचं वाटलं नव्हतं. डोंगरापेक्षा फोरम पक्का, असं त्यांचं मत होतं.

नियम आल्यावर ते विराजपेटच्या एका स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्या पोरानं फोरमवरूनच फोटो उतरवून घेतला आणि विचारलं कोणाला काढायचं. अच्चय्या शेजारी स्टुलावर बसले आणि एकेकाचं नाव सांगत गेले. हा बोळ्ळय्या, याला काढा. हा थोरला सोमय्या. दोन तास लागले. पोरगा कामसू होता, पण मूळ फोटो वेगळा ठेवावा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक माणूस काढला की तो बदललेला फोटो जुन्याच्याच जागी सेव्ह करायचा. मग नवा फोटो फोरमवर चढवला, आणि नवा चढवला की जुना पुसून टाकायचं फोरमला बोजम्मानंच शिकवलेलं होतं, जागा वाचावी म्हणून.

"कॅनडात नसेल का?" तिनं विचारलं.

"चंगप्पाला विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडे नाही, तूच पाठव."

"पेपरात आला असेल ना त्या वर्षी?"

"पेपरवाले जिंकणाऱ्यांचा काढतात गं."

त्यांनी कॉफी तिच्या हातात दिली. तिनं विचारलं, ताता, तुम्ही काढायला का लावलं, नुसतं नाही म्हणायचं होतं, राखाडी हेल्मेट आलं असतं तरी फोटो आत कुठेतरी राहिला असता. अच्चय्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले की आपण बचावात खेळलो. पंचानं शिट्टी दिली की थांबायचं. शिट्टी चुकीची असली तरी आधी थांबायचं, मग बोलायचं.

"मी बोललो ना पत्रात," ते म्हणाले. "तुम्ही वाचलंत, उत्तर दिलंत. झालं."

त्यांच्या आवाजात राग असता तर तिला कॉफी पिता आली असती.

पुढचे चार दिवस तिनं तो फोटो शोधला. फोरम ज्यांच्या यंत्रांवर चालायचा त्यांना लिहिलं; त्यांनी कळवलं की आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. स्टुडिओतल्या पोराला गाठलं. त्यानं आधी हात जोडले आणि मग अभिमानानं जाळीची गाठ न गाठ दाखवली, कशी भरली ती. शेवटी तिला आठवलं की फोरम सुरुवातीच्या काळात दर आठवड्याला सगळ्यांना एक टपाल पाठवायचा, आठवड्यातल्या निवडक निरोपांचं. लोक ते न उघडता टाकून द्यायचे म्हणून तिनं ते बंद केलं होतं. तिच्या स्वतःच्या पेटीत मात्र ते सगळं पडून होतं. चार वर्षांपूर्वीच्या एका टपालात अच्चय्यांचा एक परिच्छेद निवडलेला निघाला, बचावफळीनं बोलत राहावं या विषयावरचा. शेजारी फोटो होता. तिकिटाएवढासुद्धा नव्हता, करंगळीच्या नखाएवढा. त्यावर बोट टेकवलं तरी तो मोठा होत नव्हता.

तिनं तो छापून घेतला, वहीच्या पानाएवढा. मोठा केल्यावर त्यात माणसं नव्हती, चौकोन होते. वर निळे, खाली हिरवे, मधे लाल जर्सीचे, आणि प्रत्येक लालवर चार-सहा तपकिरी चौकोन. हसतोय की रडतोय, मिशी आहे की सावली, काही सांगता येत नव्हतं. विराजपेटच्या पोरानं तो कागद पाहून विचारलं की ही चटई आहे का. बोजम्मानं तरी तो घेतला. नेऊ की नको यात दोन दिवस गेले, आणि मग ती गेली, कारण न नेणं हे त्याहून वाईट होतं.

अच्चय्यांनी कागद टेबलावर ठेवला, चारी कोपऱ्यांवर काय काय ठेवून सपाट केला, आणि खुर्ची मागे सरकवली. जवळून दिसत नाही म्हणाले, लांबून बघायला पाहिजे. तिलाही मागे बोलावलं. दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. तिथून चौकोन जरा विरघळले आणि अकरा जण आहेत एवढं कळायला लागलं.

"हा मी," ते म्हणाले. "हा बोळ्ळय्या. खाली बसलेला थोरला सोमय्या, हा गोली, चष्मा दिसतोय बघ."

तिला चष्मा दिसला नाही. तिनं दिसतोय म्हटलं.

"हा पेम्मय्या. डोळे मिटलेत. प्रत्येक फोटोत मिटायचा. बायकोनं शेवटी त्याचा मयताचा फोटो लग्नाच्या फोटोतून कापून घेतला, तेवढ्या एकातच उघडे होते."

त्यांनी तिला लिहून घ्यायला सांगितलं, कोण कुठे ते, खाली पेननं. ती टेबलाशी जाऊन वाकून लिहू लागली आणि ते भिंतीपासून सांगू लागले. नावाबरोबर काही ना काही यायचं. हा मंदण्णा, मैदानात यायच्या आधी डुलकी काढायचा. हा धाकटा सोमय्या, याला काठी उलटी धरायची सवय. कोणाला काय झालं तेही सांगत होते, हृदय, साखर, जीप, पुन्हा साखर, पण ते घाईघाईत, आणि कोण कसा खेळायचा ते सावकाश. चंगप्पाच्या खाली तिनं कॅनडा लिहिलं. नऊ नावं झाली. अच्चय्यांच्या शेजारचे दोन तेवढे उरले होते, एकमेकांना चिकटून उभे, लाल आणि तपकिरी, दोघांचे चौकोन जवळजवळ सारखे.

अच्चय्या थांबले. भिंतीपासून निघून टेबलाशी आले, वाकले, पुन्हा मागे गेले.

"हे काळय्या आणि नंजप्पा," ते म्हणाले. "सख्खे भाऊ. माझ्या मधल्या फळीतले. सारखेच दिसायचे थोडे, पण मोठ्या फोटोत लगेच कळायचं."

ती पेन धरून उभी राहिली.

"नंजप्पा माझ्या हाताशी असायचा," ते म्हणाले. "का काळय्या. स्टुडिओत मी त्या पोराला सांगितलं ना बरोबर, हा नंजप्पा, हा काळय्या. दोघांना काढलं." ते पुन्हा पुढे आले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्या दिवशी माहीत होतं मला."

बाहेर कोणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी झाली. अच्चय्या कागदाकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुझे डोळे तरुण आहेत पोरी. तू बघ. यातला नंजप्पा कोणता?"

बोजम्मानं त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं. ती शाळेत जायला लागायच्या आधीच दोघंही गेलेले होते. ती भिंतीपाशी गेली आणि डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली, जणू खरंच काही दिसणार होतं. उजवीकडच्याचा एक चौकोन शेजारच्यापेक्षा किंचित काळा होता. तो काही कशाचाच पुरावा नव्हता.

तिनं परत येऊन डावीकडच्यावर बोट ठेवलं.

"हा?" अच्चय्यांनी विचारलं.

"हो ताता. हाच."

त्यांनी तिच्या बोटाशी वाकून पाहिलं. मग मान हलवली.

"मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "लिही."

तिनं डावीकडच्याच्या खाली नंजप्पा लिहिलं, आणि शेजारी काळय्या.